डाव्या बाजूची दोन पिंपं

जोन्सपोर्ट, मेन
१७ एप्रिल १९७४

प्रिय डेल्फिन,

हे अक्षर तू ओळखशील की नाही, कोण जाणे. एकोणतीस वर्षांत हात जाड झालाय, आणि मागच्या हिवाळ्यापासून उजव्या हाताची दोन बोटं नीट वळत नाहीत, त्यामुळे ओळी खाली घसरत जातात. सांभाळून घे. मी इथे शेवंडं पकडणाऱ्यांच्या गावात राहतो, त्यांच्या बोटींची इंजिनं दुरुस्त करतो. लग्न केलं होतं. हेझल तीन वर्षांपूर्वी गेली. मूलबाळ नाही. भली बाई होती. समुद्राला लागून घर असून हा माणूस कधी गुडघाभर पाण्यातसुद्धा का उतरत नाही, हे तिनं एकदाही विचारलं नाही. विचारलं असतं तर कदाचित मी तिला सांगितलं असतं, आणि मग तुला लिहायला इतकी वर्षं लागली नसती. पण हेही मी स्वतःला सोयीचं म्हणूनच लिहितोय. मला माझा भरवसा नाही, तूही पूर्ण वाचल्याशिवाय ठेवू नकोस.

चव्वेचाळीसच्या ऑक्टोबरात ऑरेल आणि मी रजेवर आलो होतो, ते दहा दिवस मला तासातासानं आठवतात. ऑरेल तुझा भाऊ म्हणून माझा मित्र झाला नव्हता. तो माझा मित्र होता म्हणून मी बाथला तुमच्या घरी आलो, आणि दारात पिठाचे हात घेऊन तू उभी होतीस. शनिवार होता. घरभर भाजलेल्या घेवड्याचा आणि काकवीचा वास. तुझे पापा जहाजं बांधायच्या आवारातून आले, बूट काढता काढता मला वरपासून खालपर्यंत बघत म्हणाले, "ऑरेल, हा पोरगा खातो की नुसता टॉर्पेडोला तेल लावतो?" आठव्या दिवशी मी तुला मागणी घातली तेव्हा ते म्हणाले, "आता मला मिस्टर पेल्की म्हणालास तर जेवायला मिळायचं नाही. पापा म्हण." माझे वडील मी चार वर्षांचा असताना गेले. मी तो शब्द त्याआधी कुणाला म्हटल्याचं मला आठवत नाही.

त्या रात्रीच्या जेवणाला शेजारचे टूथेकर आले होते, पापांच्याच पत्रे ठोकणाऱ्या टोळीतले, आणि त्यांचा क्लाइडही. तोही आमच्याच जहाजावर, विमानं पाडायच्या तोफेला गोळ्या भरायला. तिघं पोरं एकाच विनाशिकेवर, आणि ती विनाशिका ज्यांनी बांधली ते दोघं बाप समोर बसलेले. पापा रंगात आले. म्हणाले, "तुम्ही ज्याच्यावर झोपता ते मी ठोकलंय, म्हणून ऐका. मी तेरा वर्षांचा होतो तेव्हा आपल्या आरमाराची पहिली विनाशिका पाण्यात उतरली. कशासाठी? तर टॉर्पेडो सोडणाऱ्या चिमुकल्या बोटी निघाल्या होत्या, आणि मोठमोठी जहाजं त्यांना टरकायची. त्या बोटींचा फडशा पाडायला ही काढली. मग कुणीतरी म्हणालं, हिलाच टॉर्पेडो का देऊ नयेत? दिले. मागच्या युद्धात आम्ही चार धुराड्यांच्या बांधल्या, तेव्हा पाणबुड्यांचं भय. मग पिछाडीला बॉम्बची पिंपं लादली. आता विमानं आली, तर जिथे पाय ठेवायला जागा दिसेल तिथे तोफ. तोफा वाढल्या, पिंपं वाढली, इंजिनं वाढली. पण कातडी? कातडी तीच. अर्धा इंच पत्रा." टूथेकर म्हणाले, "ओनेझिम, पोरं परत जायची आहेत, त्यांना कशाला घाबरवतोस?" पापा हसले. "घाबरवत नाही. सांगतोय की ही पळण्यासाठी केलीये, मार खाण्यासाठी नाही. तेव्हा पळा." क्लाइड म्हणाला, "काका, पळायचं की नाही ते कॅप्टन ठरवतो, आम्हाला कोण विचारतं?" सगळे हसले. तू सुद्धा.

आम्ही तिला पत्र्याचा डबा म्हणायचो. सगळेच खलाशी विनाशिकेला तेच म्हणतात. आमच्या 'मेरो'वर पाच इंची तोफा पाच, टॉर्पेडो दहा, पिछाडीला दोन रुळांवर ओळीनं लावलेली पिंपं, आणि दोन्ही बाजूंना तीन-तीन आखूड तोफा, त्या पिंपं लांब फेकायच्या. टॉर्पेडो आणि पिंपं, दोन्ही ऑरेलकडे आणि माझ्याकडे. दहा टॉर्पेडोंपैकी एकही आम्ही कधी शत्रूवर सोडला नाही. रोज पुसायचे, तेल द्यायचं, झाकून ठेवायचे. पिंपाचं काम मात्र तुला नीट कळायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. प्रत्येक पिंपाच्या तोंडाला एक तबकडी असते. किती फूट खोल गेल्यावर फुटायचं ते चावीनं तिच्यावर लावायचं. पाण्याच्या दाबानं ते फुटतं. आणि तबकडीवर एक खूण 'बंद'ची असते. तिथे काटा आणून ठेवला की पिंप समुद्राच्या तळाशी गेलं तरी फुटत नाही. जहाज सोडायची वेळ आली तर सगळ्यात आधी सगळी पिंपं बंद करायची, कारण जहाज बुडताना ती त्याच्याबरोबर खाली जातात, आणि वर पाण्यात आपलीच माणसं असतात. आम्हाला हे पहिल्या दिवशी शिकवलं होतं. रुळावरची पिंपं ऑरेलची, दोन्ही बाजूंच्या फेकतोफांवरची माझी.

पंचेचाळीसच्या मे महिन्यात आम्ही ओकिनावाच्या उत्तरेला पहाऱ्यावर होतो. मोठी जहाजं बेटापाशी, आणि आम्ही पन्नास मैल पुढे, येणारी जपानी विमानं रडारवर बघून कळवायला. ती विमानं म्हणजे वैमानिकासकट बॉम्ब, हे तू वाचलं असशील. त्यांना सगळ्यात आधी आम्हीच दिसायचो. त्या दिवशी उजाडताना पाणबुडीचा संशय आला म्हणून हुकूम झाला, पिंपं शंभर फुटांवर लावा. लावली. पाणबुडी काही सापडली नाही. ती परत बंद करायचा हुकूम यायच्या आतच विमानं आली, सकाळी पावणेनऊला. आकाश निळं, समुद्र ताटासारखा सपाट. चार आम्ही पाडली. पाचवं मागच्या धुराड्यापाशी घुसलं आणि सहावं त्याच्या मागोमाग इंजिनघरात. पापांचा पत्रा कागदासारखा उलगडला. क्लाइडची तोफ तिथेच होती.

जहाज डावीकडे कलायला लागलं तेव्हा आमचा लेफ्टनंट ओरडला, पिंपं बंद करा. ऑरेल रुळांकडे धावला, मी उजव्या बाजूला. उजवीकडची तिन्ही केली. मग डावीकडे आलो. पहिलं केलं. पुढच्या दोन पिंपांपाशी तोफेच्या गोळ्यांच्या पेट्या जळत होत्या आणि गोळ्या आपोआप फुटत होत्या, मक्याच्या लाह्या फुटाव्यात तशा, फक्त त्या लाह्यांनी माझ्या शेजारच्या माणसाचा जबडा उडवला. मी तिथून सात-आठ पावलांवर उभा होतो, डेल्फिन. हातात चावी होती. मी दोनदा पुढे गेलो आणि दोनदा मागे आलो. तिसऱ्यांदा गेलो नाही. लेफ्टनंटनं वरून विचारलं, "ग्रिंडल, फेकतोफा बंद?" आणि मी म्हणालो, "बंद, सर!" कुणी जबरदस्ती केली नाही. "दोन राहिलीत, जाता येत नाही" असं म्हटलं असतं तर कदाचित त्यानं पाण्याचा नळ तिकडे वळवला असता, कदाचित माणसांना लांब पोहायला सांगितलं असतं, कदाचित काहीच झालं नसतं. ते मला कळायचं नाही. मी "बंद" म्हणालो, त्यानं तसंच कॅप्टनला कळवलं, आणि जहाज सोडायचा हुकूम झाला.

पाणी कोमट होतं. माणसं खुशीत होती, हे तुला खोटं वाटेल. जळत्या जहाजावरून सुटलो, ऊन आहे, मदतीच्या छोट्या नौका दिसतायत. कुणीतरी गाणंसुद्धा म्हणत होतं. मी एका तराफ्याला धरून होतो. ऑरेल माझ्यापासून तीस-चाळीस हातांवर, क्लाइडला धरून. क्लाइडचे दोन्ही हात आणि छाती भाजली होती, त्याला पोहता येत नव्हतं. मग 'मेरो'नं नाक वर केलं आणि ती पिछाडीवरून आत गेली, अगदी शांतपणे, आणि लोकांनी टोप्या काढल्या. मी टोपी काढली नाही. मी मोजत होतो. शंभर फूट जायला तिला किती सेकंद लागतील ते त्या एवढ्या समुद्रात फक्त मला ठाऊक होतं. मी ओरडलो, "पाठीवर व्हा! पोट पाण्याबाहेर! लांब व्हा!" काही हसले, त्यांना वाटलं मी घाबरून बरळतोय. ऑरेलनं ऐकलं. त्यानं मान वळवून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "अरे, पण तू तर बंद म्हणालास ना?" रागानं नाही. घरातून निघताना दिवा विझवलास ना, असं विचारावं तसं. मी तराफ्यावर चढलो. मला माहीत होतं म्हणून मी चढलो. ऑरेल सुद्धा पाठीवर होऊ शकला असता, पण त्यानं क्लाइडला पाठीवर केलं आणि आपण त्याच्या खाली शिरून त्याला वर उचलून धरलं.

पाणी उडालं असं काही झालं नाही. नुसता एक धक्का आला, खालून, आणि लगेच दुसरा. तराफा हातभर उचलला गेला. मग सगळे एकदम गप्प झाले. गाणं म्हणणारा सुद्धा. बावीस माणसं त्यात गेली, काही तिथेच, काही दोन-चार दिवसांत. क्लाइड दुसऱ्या दिवशी सकाळी.

ऑरेल मदतीच्या नौकेच्या डेकवर दुपारी दोनपर्यंत जिवंत होता. अंगावर एक ओरखडा नव्हता; पाण्यातला धक्का बाहेर खूण ठेवत नाही, आतून पोट फाडतो. डॉक्टर नव्हता, एक औषधं देणारा पोरगेला खलाशी होता, तो त्याच्या पोटाला हात लावून माझ्याकडे बघायचा आणि मान फिरवायचा. ऑरेल पाणी मागत होता आणि द्यायचं नाही असं सांगितलं होतं. मी ओल्या फडक्यानं त्याचे ओठ पुसत बसलो. तेवढंच करण्यासारखं होतं. तो म्हणाला, "मर्ल, पापांना सांग, त्यांचा पत्रा पंचावन्न मिनिटं टिकला." थोड्या वेळानं म्हणाला, "डावीकडे आग होती ना?" मी हो म्हणालो. तो म्हणाला, "मला दिसली." मला माफ केलं असं काही त्याच्या तोंडून निघालं नाही, आणि शिवीही निघाली नाही. पापांचा निरोप मी कधी पोचवला नाही. आज लिहिलाय तो पहिल्यांदाच.

चौकशी तीन आठवड्यांनी झाली, एका पत्र्याच्या खोलीत, पंखा चालू. लेफ्टनंट जहाजाबरोबरच गेला होता. कामाच्या याद्या जळल्या होत्या. टेबलामागचा अधिकारी थकलेला होता, चिडलेला नव्हता. त्यानं विचारलं, "डाव्या बाजूच्या फेकतोफा कुणाकडे होत्या?" मी म्हणालो, "ऑरेल पेल्की, सर." कारकुनानं नाव कसं लिहायचं ते विचारलं, आणि मी एक एक अक्षर सांगितलं. एवढं मी केलं, डेल्फिन. हे एवढंच आहे ते. वाचायला अर्धं मिनिट लागलं असेल.

मला वाटलं होतं, तो कागद कुठल्या तरी कपाटात जाईल. मेलेल्या माणसाला काय शिक्षा होणार? पण पोर्टलंडचा एक वाचलेला खलाशी टूथेकरांना भेटायला आला आणि त्यानं चौकशीत काय झालं ते सांगितलं. नोव्हेंबरात मी तुमच्याकडे आलो तेव्हा घरात जे होतं ते तुला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. टूथेकर आवारात सगळ्यांसमोर पापांना म्हणाले होते, "तुझ्या पोरानं माझं पोर मारलं." पापांनी हातोडा खाली ठेवला होता, आणि दुसऱ्या दिवसापासून ते कामावर गेले नव्हते. चौतीस वर्षांचं काम. त्यांनी मला टेबलाशी बसवलं, तुला बाहेर जायला सांगितलं, पण तू दारात उभी राहिलीस. ते म्हणाले, "मर्ल, तू तिथे होतास. माझ्या पोरानं केलं का हे?" मी म्हणालो, "पापा, धूर फार होता. मला दिसलं नाही." ते म्हणाले, "बरोबर आहे. तू मित्राविरुद्ध कसा बोलशील." त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पहिल्या बसनं निघून गेलो. तुझी तीन पत्रं आली. तिसऱ्यात तू विचारलं होतंस, मी असं काय केलं? तू काहीच केलं नव्हतंस. त्या हाताखाली मला जन्मभर जेवायला बसता आलं नसतं, एवढंच होतं.

बावन्न साली मी आरमाराला लिहून कळवलं, आणि बासष्ट सालीही. मी शपथेवर खोटं बोललो, हे कागद दुरुस्त करा. पहिल्या पत्राला उत्तर आलं नाही. दुसऱ्याला आलं, फार सभ्य होतं, की इतक्या वर्षांनी, दुसरा साक्षीदार हयात नसताना, चौकशी पुन्हा उघडता येत नाही. टूथेकरांना लिहायला घेतलं तर कळलं ते गेले. मग मी थांबलो. थांबायला मला नेहमीच कारण सापडत आलंय.

आता हे का लिहितोय ते. मागच्या महिन्यात लुइस्टनच्या वृद्धाश्रमातून सिस्टर क्लोटिल्डचं पत्र आलं. तुझे पापा माझं नाव घेतात, जमलं तर या, म्हणून. सिस्टरनीच तुझा ऑरेगनचा पत्ता दिला, आणि सांगितलं की तुझ्या कंबरेच्या दुखण्यामुळे तुला येणं होत नाही. मी गेलो. ठरवून गेलो होतो, वाटेत बसमध्ये शब्द जुळवले होते. पापा खिडकीशी बसले होते, पंच्याऐंशी वर्षांचे, हातांची नुसती हाडं. त्यांनी मला बघितलं आणि त्यांचा चेहरा असा उजळला की मी दारातच थांबलो. म्हणाले, "ऑरेल! आलास होय रे?" मी सांगितलं मी ऑरेल नाही. त्यांनी ते ऐकलंच नाही. माझा हात दोन्ही हातांत धरून हळू आवाजात विचारलं, "पोरा, तू नाही ना केलंस ते?" मी काय करणार होतो? मी म्हणालो, "नाही पापा, मी नाही केलं." ते म्हणाले, "मग कोणी केलं?" डेल्फिन, एकोणतीस वर्षांनी मी ते बोललो. मी म्हणालो, "मर्लनं. डावी बाजू मर्लची होती. तो खोटं बोलला." पापांनी माझा हात झटकला. "असं बोलू नये," म्हणाले. "मर्ल आपल्या घरचा पोरगा आहे. तो कधी असं करायचा नाही. आपल्याच मित्रावर ढकलतोस?" आणि त्यांनी तोंड खिडकीकडे फिरवलं. मी तीन दिवस तिथे राहिलो. तिन्ही दिवस त्यांनी तेच विचारलं, तिन्ही दिवस मी तेच सांगितलं, आणि तिन्ही दिवस ते माझी बाजू घेऊन आपल्या पोरावर रागावले. सिस्टर म्हणतात, फार दिवस नाहीत. माझ्या तोंडून ते मानणार नाहीत, माझं तोंड त्यांना आता दिसतच नाही. तुला ते ओळखतात, रोज तुझं नाव घेतात. कसंही करून ये. मी स्टेशनवर येणार नाही, तुझ्या समोर उभा राहणार नाही. हे पत्र त्यांना वाचून दाखव, किंवा जाळ आणि तुझ्या शब्दांत सांग. त्यांनी मानलं नाही तर तू तरी मान.

जे नाव मी त्या कारकुनाला सांगायला हवं होतं, तेच खाली लिहितो.

तुझाच, तुझी इच्छा असो वा नसो,
मर्ल ग्रिंडल